तीन वेळा हौद

मालुबाई कामकर कुठलीही गोष्ट एकदा सांगून थांबत नाही. तीनदा सांगते. "चहा ठेव, चहा, चहा." "दार लाव गं, दार, दार." यात हट्ट नाही, धंदा आहे. बोरकेरीच्या देवांग गल्लीत घरोघरी यंत्रमाग, आणि मालुबाईच्या घरात चार. छत्तीस वर्षं त्या खडखडाटात तिनं मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या. माग चालू असताना पहिला शब्द मागच गिळतो, दुसरा अर्धामुर्धा पोचतो, तिसरा तेवढा माणसाला मिळतो. ती सवय अंगात अशी मुरली की लाईट जाऊन सगळे माग गप्प झाले तरी मालुबाईचं तीनदाच. तिच्या घरात आज काय शिजलं, सुनेच्या माहेरहून काय आलं, नवऱ्यानं औषध घेतलं की नाही, हे कळायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावावा लागत नाही. भिंतच येऊन कानाला लागते.

नवरा म्हणजे भावकू. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर त्या दिवशी सण. आपल्या वाटचे शब्द त्यानं लग्नातच बायकोला आंदण दिले, असं गल्लीत म्हणतात.

तर ही मालुबाई गेल्या वर्षी बोरकेरीची नगराध्यक्ष झाली. कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

बोरकेरी म्हणजे निपाणीहून बेळगावला जाताना हायवे सोडून आत वळलं की लागतं ते. गाव ना धड खेडं, ना धड शहर. नगरपालिका मात्र आहे, आणि नगरपालिकेत दोन गट आहेत. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीसाठी शर्ट शिवून ठेवले होते. आणि वरून आरक्षणाची यादी आली: मागासवर्ग अ, महिला. दोन्ही गटांनी आपापले सदस्य उलटेपालटे करून पाहिले. त्या रकान्यात बसणारी सबंध सभागृहात एकच बाई निघाली, आणि ती दोन्ही गटांची नव्हती. देवांग गल्लीच्या वॉर्डातून अपक्ष म्हणून आलेली मालुबाई. प्रचाराला तिला लाउडस्पीकरही लागला नव्हता. मग दोन्ही गटांनी एकाच दिवशी, एकमेकांच्या आधी पळत जाऊन तिलाच पाठिंबा दिला. मनात दोघांच्याही एकच. कांड्या भरणारी बाई, बोट दाखवू तिथं सही करील.

गल्लीनं तिला 'मेयरीण' नाव ठेवलं. बेळगावला मेयर असतो, मग आम्ही काय घोडं मारलंय? पहिला महिना नुसता हार, नारळ आणि फिती कापण्यात गेला. दुसऱ्या महिन्यापासून लोक गटारं घेऊन येऊ लागले. म्हणजे गटाराच्या तक्रारी घेऊन. मालुबाई फोन करायची, पलीकडून मुख्याधिकारी म्हणायचे, "बघतो." सहा महिन्यांत तिला एवढं कळलं की अध्यक्षाला गाडी आहे, पण गाडीत डिझेल घालायचं तर सही दुसऱ्याची. खोली आहे, पण किल्ली शिपायाकडे. आणि शिपायानं किल्ली हरवली तर त्याला बोलायचं कुणी, तर मुख्याधिकाऱ्यांनी.

"मेयरीणबाई, तुमचा अधिकार काय हो नेमका?" असं कुणी कट्ट्यावर विचारलं की ती हसून सांगायची, "बसायचा. बसायचा. बसायचा."

ते हसणं ज्या सकाळी संपलं ती सकाळ गल्ली विसरणार नाही.

देवांग गल्लीच्या कोपऱ्यावर दगडी हौद आहे. वरच्या अंगाच्या विहिरीतून त्यात पाणी येतं आणि उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. नळाचं काय, आठ दिवसांतून एकदा येतो, तोही पाहुण्यासारखा, यायच्या आधीच जायची घाई. मग हौदच आई आणि हौदच बाप. पहाटे माणसं भरतात, मग धुणं, मग सूत भिजवायचं, संध्याकाळी म्हशी. त्या हौदावर त्या दिवशी सकाळी सात वाजता नागुबाई बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन गेली आणि रिकाम्या बिंदगीनिशी मालुबाईच्या दारात आली. ही नागुबाई समोरच्या घरातली, मालुबाईच्याच वयाची. जीभ अशी की कात्रीला धार लावायची तर हिच्यावर लावावी.

"मालू, बाहेर ये की. हौदावरच्या कागदात तुझं नाव घातलंय म्हणे. लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं."

मालुबाई हात पुसत गेली. हौदाच्या भिंतीला नोटीस चिकटवलेली. कन्नडमध्ये. मालुबाईला कन्नड बोलता येतं, बाजारात भांडताही येतं, पण वाचायचं म्हटलं की अक्षरं कांडीवरच्या गुंत्यासारखी दिसतात. तिनं सुनेला हाक मारली. पूर्णिमा चिकोडीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. बायकांच्या घोळक्यात उभी राहून तिनं वाचलं आणि मराठीत सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"आत्या, ह्यात लिहिलंय, ही जागा नगरपालिकेची. जुना मोडका हौद पाडायचा आणि तिथं गाळे बांधायचे. पंधरा दिवसांनी काम सुरू. मागच्या सभेत ठराव झालाय, सगळ्यांच्या मतानं." ती थांबली.

"पुढं वाच. वाच. वाच."

"माननीय अध्यक्षांच्या अनुमोदनानं."

मग नागुबाई बोलली. "एक नंबरचा गाळा कुणाला गं? सुनेला का? बांगड्यांचं दुकान काढ म्हणावं. आम्ही येतो की भरायला. पाणी भरायचं तर बंदच झालं."

"मी न्हाय म्हटलोय," मालुबाई म्हणाली. "हौदासाठी मीच उठून बोललो त्या दिवशी. हौद, हौद, हौद, असं तीनदा बोललो."

"मग कागद खोटा बोलतोय व्हय?"

"चिकटवणाऱ्याला विचार."

"तुलाच विचारतोय. खुर्चीत तूच बसतीस." असं म्हणून नागुबाईनं बिंदगी हौदात बुडवली, भरली आणि मालुबाईच्या पायापाशी पाणी सांडत निघून गेली. बाकीच्या बायकाही भरून गेल्या. एकीनंही नेहमीसारखं "येतो गं" म्हटलं नाही. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. भांडणं रग्गड झाली होती, पण तोंड फिरवून कुणी गेलं नव्हतं.

मालुबाई घरी आली नाही. होती त्या साडीवर, पदर खोचलेला तसाच, चालत नगरपालिकेत गेली. पाठोपाठ पूर्णिमा. वाटेत मालुबाई एक शब्द बोलली नाही, आणि जे तिला ओळखतात त्यांना विचारा, ही काही चांगली लक्षणं नव्हेत.

सभेचं लिहून घेण्याचं काम कुमार नावाच्या क्लार्ककडे. चाळिशीचा, सहा महिन्यांपूर्वी दावणगेरेकडून बदली होऊन आलेला. मान खाली घालून ऐकेल ते सगळं लिहिणारा. सज्जन माणूस, आणि सज्जन माणसानं केलेलं नुकसान निस्तरायला फार अवघड. मालुबाईनं मागच्या सभेची वही मागितली. त्यानं उठून, खुर्ची देऊन, आदबीनं पान उघडून दिलं. पूर्णिमानं नवव्या विषयावर बोट ठेवलं आणि वाचलं:

"मान्य अध्यक्षरु मूरु सल 'हौदु' एंदु हेळि अनुमोदिसिदरु."

आता हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी. कन्नडमध्ये 'हौदु' म्हणजे हो. बोलताना त्यातला उकार कुणी उच्चारत बसत नाही, नुसतं 'हौद' म्हणतात. माननीय अध्यक्षांनी तीन वेळा हो म्हणून अनुमोदन दिलं, असा त्या ओळीचा अर्थ. मालुबाई त्या सभेत जिवाच्या आकांतानं पाण्याच्या हौदाचं नाव घेत होती आणि वहीत ती जिवाच्या आकांतानं हो म्हणत होती.

"मॅडम, तुम्ही तीन सारी म्हणालात," कुमार मोडक्या मराठीत म्हणाला. "मला वाटलं, केवढा ठामपणा. इतर अध्यक्ष नुसती मान हलवतात म्हणे."

मालुबाईला ती सभा आठवली. दुपारचा दीड. जेवणाची पार्सलं दारात आलेली, रश्शाचा वास सभागृहात शिरलेला, आणि सदस्यांचे डोळे दाराकडे. नववा विषय आला तेव्हा त्यात हौदाचं नावच नव्हतं, नुसता सर्व्हे नंबर. तिनं विचारलं, ही जागा कुठली? शेजारी बसलेला सदस्य मष्णू हळूच म्हणाला, "तुमच्याच गल्लीचा कोपरा, आक्का." ती ताडकन उठली. "हौद. हौद. हौद." एवढंच तोंडातून निघालं. मुख्याधिकारी म्हणाले, "आय्तु. मुंदिन विषय." झालं, पुढचा विषय. तिला वाटलं, आपला विरोध लिहून घेतला. सगळे जेवायला उठले. तीही उठली, आणि हेच तिला आता सगळ्यात जास्त झोंबत होतं. तीही जेवली होती.

वही हातात घेऊन ती मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. साहेब आठ वर्षं बोरकेरीत आहेत. मराठी असं बोलतात की मराठी माणसानं शिकवणी लावावी.

"बसा मॅडम. चहा?"

"हे चुकीचं लिहिलंय."

"कागदावर आलं मॅडम. आता ते चूक कसं असेल?"

"मी पाण्याच्या हौदाचं बोललो."

"कन्नडमध्ये हौद म्हणजे हो. तुम्हाला कन्नड येतंय की."

"तुम्हाला मराठी येतंय की, साहेब. आठ वर्षं येतंय. तुमचा ड्रायव्हर दर रविवारी त्याच हौदावर तुमची गाडी धुतोय. त्याला काय म्हणून सांगता? 'हो'वर जाऊन गाडी धू?"

साहेब हसले. हसायला नको होतं. पण आठ वर्षांत ते सात अध्यक्षांना हसून घालवत आले होते, आणि सवय मालुबाईलाच तेवढी असते असं नाही.

"हे बघा मॅडम. अध्यक्ष म्हणजे घरातला देव. मान तुमचा पहिला, नारळ तुमच्यापुढं, उदबत्ती तुमच्यापुढं. पण देवानं उठून चुलीपाशी यायचं नसतं. काय शिजवायचं ते आम्ही बघतो. सोमवारी सभा आहे. पहिला विषय, मागच्या सभेची नडवळी, म्हणजे तुमच्या हातातलं हे इतिवृत्त, कायम करणे. नेहमीसारखी सही करा. गल्लीतल्या बायका दोन दिवस बोलतील, गप्प बसतील."

मालुबाई उठली. "त्या बायका गप्प बसत न्हाईत," ती म्हणाली. "मी त्यातलीच हाय." हे ती एकदाच म्हणाली. पूर्णिमानं ते मोजलं आणि लगबगीनं तिच्यामागं निघाली.

बाहेर स्कूटरला टेकून मष्णू उभा. हा बाजार गल्लीचा सदस्य, मराठीचा कैवारी. दर एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, काळ्या फिती स्वतःच्या खर्चानं आणणारा. बातमी त्याच्या आधी पोचली होती की तो बातमीच्या आधी, देव जाणे.

"आक्का, कळलं सगळं. हा मराठी माणसावरचा अन्याय हाय. कन्नड क्लार्कनं मुद्दाम केलंय. उद्या मोर्चा काढू. झेंडे मी आणतो, पेपरवाले मी बोलावतो. तुम्ही फक्त पुढं चाला."

मालुबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. गल्लीला एक गोष्ट ठाऊक होती जी मष्णूला वाटत होतं कुणाला ठाऊक नाही. त्याच्या मेव्हण्यानं आठ दिवसांपूर्वी दाढी करताना न्हाव्याला सांगितलं होतं की दिवाळीला आपली बेकरी हौदाच्या कोपऱ्यावर. न्हाव्याला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली.

"मष्णू, तू माझ्या डाव्या अंगाला बसलतास. मी काय म्हटलो?"

"सभेत लई आवाज होता, आक्का."

"मागापेक्षा?"

मष्णूनं स्कूटरचा आरसा पुसायला घेतला. "कसंय आक्का, त्या कन्नडवाल्यानं..."

"त्या बिचाऱ्यानं ऐकलं ते लिहिलं. तुला कळलं आणि तू गप्प बसलास. कुणाचा अन्याय मोठा, तूच सांग. आणि मेव्हण्याला सांग, बिस्किटं दुसरीकडं भाज."

मष्णू आरसा पुसतच राहिला. आरसा तसा स्वच्छच होता.

ती घरी आली तेव्हा भावकूनं ताट वाढून ठेवलं होतं. तिनं बाजूला सारलं. "सगळ्यांनी मिळून मला बावळट केलं," ती म्हणाली. "बोललो मी, बुडवलंही मीच. आता राजीनामा देतो आणि कांड्या भरतो."

भावकूनं बराच विचार केला. "राजीनामा दिलीस तर सही कोण करील?" तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "दुसरा कोण तरी." एवढ्या शब्दांनी दमून तो मागाकडे गेला. मालुबाईनं चपला पुन्हा पायात घातल्या.

ती गेली बाबगोंडा पाटलांकडे. बाबगोंडाअण्णा जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मागं राहतात. वीस वर्षांपूर्वी तेही अध्यक्ष होते. आता तंबाखूचं रान मुलाकडे आणि पेपर त्यांच्याकडे. दुपारभर ओसरीच्या सोप्यावर बसून तीन पेपर वाचतात, दोन कन्नड आणि एक मराठी, आणि तिन्हींत एकच बातमी तीन तऱ्हेनं आली की खूश होतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "नडवळी कायम झाली न्हाय आणि नोटीस लावली? सभेत वाचून, तुझी सही होईपर्यंत तो ठराव कच्चाच की. लई घाई दिसते कुणाला तरी."

"अण्णा, मला एक सांगा. अध्यक्षाला अधिकार हाय का न्हाय? का नुसताच नारळ?"

"हाय. लई न्हाय, पण हाय. आणि असला अधिकार जो कुणी आपणहून दाखवत न्हाय. सभा तुझी. तू बसल्याशिवाय सुरू न्हाय, तू म्हटल्याशिवाय पुढचा विषय न्हाय. दप्तर बघायला मागितलं तर न्हाय म्हणता येत न्हाय कुणाला. मतं सारखी पडली तर तुला दुसरं मत, खुर्चीचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिला विषय. मागच्या सभेची नडवळी वाचून कायम करणे. वाचून. हा शब्द छापलेला असतोय. पण सगळे म्हणतात, वाचली असं समजा. समजा, समजा करत अख्खा गाव गेला बघ."

"तुम्ही वाचायला लावायचात?"

बाबगोंडाअण्णांनी पेपराची घडी घातली. मग ती उलगडली. "एकदाही न्हाय. जेवणं गार व्हायची."

"मग तुमच्या नावावर काय गेलं?"

हे विचारायला नको होतं असं त्यांच्या सुनेला वाटलं असावं, ती आतून डोकावली. अण्णा म्हणाले, "शाळेपुढचं मैदान. आज तिथं मंगल कार्यालय हाय. मला लग्नाचं आमंत्रण आलं की मी कारण सांगून टाळतो."

मालुबाईला त्यांची कीव आली नाही. राग आला. एवढा शहाणा माणूस, तीन पेपर वाचणारा, आणि वहीची चार पानं ऐकून घ्यायचा कंटाळा. तिनं तसं तोंडावर सांगितलं. अण्णांनी मान हलवली. "बोल, बोल. पण सोमवारी हे तिथं बोल."

चार दिवस मालुबाई पाणी भरायला हौदावर गेली नाही. पूर्णिमा जायची आणि बोलणी खाऊन यायची. नागुबाईनं एकदा घागरीवर घागर आपटून विचारलं, "मेयरीणबाईंना आता घरपोच टँकर व्हय?" मालुबाईनं खिडकीतून ऐकलं. मागाच्या आवाजातही नेमकं हेच ऐकू येतं, ही एक गंमतच. तिनं दातांनी सूत तोडलं.

सोमवारी अकराला सभा. अठरा सदस्य हजर. वरच्या बाकावर बघायला गावातली पाचसहा माणसं, त्यांत पूर्णिमा, आणि तिच्यापासून दोन हात लांब, तोंड फिरवून, नागुबाई. कुमार उभा राहिला. "विषय एक. मागील सभेची नडवळी वाचून कायम झाली असे समजावे."

"वाचा," मालुबाई म्हणाली.

मुख्याधिकारी वाकून म्हणाले, "मॅडम, चौतीस पानं आहेत."

"वाचा. वाचा. वाचा."

आणि कुमार वाचू लागला. पहिलं पान सदस्यांनी ऐकलं. दुसऱ्याला मोबाईल काढले. आठव्याला एक जण घोरला. दहाव्या पानावर कळलं की मागच्या सभेत आपण स्मशानातल्या दिव्यांवर चर्चा केली होती. कुणालाच आठवेना. एकविसाव्या पानावर ती ओळ आली. मूरु सल हौदु. तीन वेळा हो.

सभागृह हसलं. खोटं कशाला बोला, वरच्या बाकावरची माणसंही हसली. मालुबाई हसू संपेपर्यंत थांबली. संपायला वेळ लागला, कारण ती थांबली आहे हे ज्याला ज्याला कळत गेलं तो तो गप्प होत गेला.

"झालं? आता एकेकाचं नाव घेऊन विचारतो. त्या दिवशी मी हो म्हटलो का पाण्याचा हौद म्हटलो? यल्लाप्पा, तुम्ही सांगा."

यल्लाप्पा माळावरच्या वॉर्डाचा, घरी दारी कन्नड बोलणारा. सगळ्यांना वाटलं, हा साहेबांकडून बोलणार. तो उठून म्हणाला, "आमच्या घरातबी त्याला हौदच म्हणतात. अध्यक्ष पाण्याचंच बोलत होत्या. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का न्हाई?"

यल्लाप्पानं खाली बघितलं. "जेवण आलतं."

"मष्णू?"

"आवाज होता," मष्णू बसूनच म्हणाला.

"बरं. मत घ्या. नवव्या विषयात अध्यक्षांनी हौद पाडायला विरोध केला, ठराव एकमतानं झाला न्हाय, सबब मंजूर न्हाय, अशी दुरुस्ती करा म्हणणाऱ्यांनी हात वर."

नऊ हात वर झाले, तिच्या हातासकट. त्यात यल्लाप्पाचा होता. विरोधात नऊ, आणि त्यात मराठीचे झेंडे आणणारा हात सर्वांत आधी वर. वरच्या बाकावरून नागुबाई अख्ख्या सभागृहाला ऐकू येईल अशी म्हणाली, "अगं बाई, ह्याचा मोर्चा तिकडं चाललाय." शिपायानं तिला गप्प केलं. केलं म्हणजे प्रयत्न केला.

"समसमान," मुख्याधिकारी म्हणाले. "म्हणजे आहे तसंच राहील. मॅडम, सही."

"खुर्चीचं मत राहिलंय."

"ते ठरावाला असतं मॅडम. दुरुस्तीला..."

"कुमार, कायद्याचं पुस्तक आणा. कुठं लिहिलंय दुरुस्तीला न्हाय, ते काढा. मोठ्यानं वाचा."

कुमारनं पुस्तक आणलं, पानं चाळली, परत चाळली. तो साहेबांकडे बघेना. शेवटी म्हणाला, "असं कुठं लिहिलेलं नाही. मतं सारखी पडली तर अध्यक्षांना जादा मत, एवढंच आहे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "चूक माझी. मी नवा आहे. मी विचारायला पाहिजे होतं."

"विचारायला पाहिजे होतं," मालुबाई म्हणाली. "पण ज्यांना विचारायची गरज नव्हती त्यांचं काय? ह्या खोलीत त्या हौदाचं पाणी न प्यालेला तुम्ही एकटेच. बाकीच्या सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळ्यांनी मला बावळट म्हणून वहीत घातलं. खुर्चीचं मत दुरुस्तीला. लिहा. माझ्यासमोर लिहा."

कुमारनं लिहिलं. एक ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरं केली, नवी ओळ घातली. पूर्णिमानं खाली येऊन ती वाचली आणि मान डोलावली.

"आणि हौदावरची नोटीस आज संध्याकाळच्या आत निघाली पाहिजे."

"मला हे वर कळवावं लागेल," मुख्याधिकारी म्हणाले. ते आता हसत नव्हते. "जिल्ह्याला. ते काय म्हणतील ते म्हणतील."

"कळवा. हौद तिथंच हाय. त्यांनाबी दाखवतो."

साहेबांनी पेन पुढं केलं. मालुबाईनं घेतलं, दुरुस्त ओळीखाली सही केली, आणि वही मिटू दिली नाही. दारातून रश्शाचा वास आत आला होता. मागच्या ओळीतले दोघं उठण्याच्या बेतात होते.

"बसा," ती म्हणाली. "दुसरा विषय अजून मी पुकारलेला न्हाय. कुमार, मी ह्या खुर्चीत बसल्यापासूनच्या सगळ्या वह्या आणा."

"सगळ्या?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. "मॅडम, त्या कायम झालेल्या आहेत. त्यावर तुमच्या सह्या आहेत."

"म्हणूनच. माझ्या सहीवर काय काय गेलंय ते मला ठाऊक न्हाय. गावाला तरी कळू दे."

मष्णू उठून उभा राहिला, कुणाकडून तरी आधार मिळेल म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि परत बसला. यल्लाप्पानं खिशातून चष्मा काढला. कुमार कपाटापाशी गेला. वरचा खण गंजलेला होता, उघडेना. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. वरच्या बाकावरून नागुबाई खाली उतरली, शिपायाला बाजूला सारून कपाटापाशी गेली आणि म्हणाली, "सरका. असलं कपाट आमच्या घरात हाय. खालून लाथ घालावी लागते."